गड दिसतो, बघतो कोण?

महामार्गावरून जाताना विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा गड आपल्याला रोज दिसतो. फोटो मात्र यात्रेतच, तोही सेल्फी. गड मागे कुठेतरी.

याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नाच्या चौकातली, बायकांच्या हातची वारली चित्रकला त्यांनी कागदा-कापडावर नेली. 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र शोधून बघाच. अख्खं चित्र जाळ्यानं व्यापलेलं, बारीक बारीक घरं भरत नेलेली. जाळं काय, आपल्याकडे घरोघरी टांगलेलं असतं! पण इतका वेळ त्याच्याकडे बघितलंय कोणी?

आता तारप्याचं रिंगण कपावर, कुर्त्यावर, भिंतीभिंतीवर आहे. छान दिसतं, पण बहुतेक कॉपी-पेस्ट. म्हसे भोवतालचं बघून काढायचे. आज भोवताली बुलेट ट्रेनचं काम आहे, ढाबे आहेत, ट्रकच्या रांगा आहेत. ते चौकात कोण आणणार? बाहेरचा कोणी येईल याची वाट बघायची का?

उद्या एसटीत खिडकी मिळाली तर चारोटी ते गड मोबाइल खिशात ठेवा. मग लेक्चरला वहीच्या मागच्या पानावर गडाची कड काढून बघा. पेन कुठे अडतं, ते कळेल.