भिंतीला भोक पाडण्यापूर्वी



या पानावर मधुमेह, रॉथ आयआरए, मुलांच्या कॉलेजसाठी बचत असे विषय येतात. माझा आजचा विषय आरोग्याचा की अर्थाचा, हे मला ठरवता आलेले नाही. त्याची सुरुवात न्हाणीघरात होते, मध्ये इन्शुरन्स कंपनी येते आणि शेवटी खिशाला चाट बसते. संपादकांनी तो कुठेही छापावा.

गोष्ट २०१९ सालची. आम्ही फ्रिस्कोत एक दुमजली घर भाड्याने घेतले होते. घरमालक आपलेच, मूळचे सोलापूरचे, प्लेनोत बरीच वर्षे स्थायिक झालेले. पहिल्या भेटीतच 'अरे, घर तुझंच समज' म्हणाले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. मार्चमध्ये आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी यायचे होते. टिश्यू पेपरवर भागवणे बाबांना जमणार नव्हते, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटला जेट बसवायचे ठरवले. तीस डॉलरचा संच आणि चाळीस मिनिटांचे काम. मी इंजिनिअर माणूस, नळाचे दोन आटे फिरवायला काय लागते? त्याच जोशात टबाशेजारी बाबांना धरायला एक स्टीलचा दांडाही ठोकला. काकांना विचारले नाही. विचारायचे सुचले नाही असेही नाही. बायको म्हणाली होती, 'एकदा फोन कर.' मी म्हणालो, 'एवढ्याशासाठी काय विचारायचं? आणि नाही म्हणाले तर?'

या शेवटच्या चार शब्दांवरच मला हा लेख लिहायचा आहे.

सप्टेंबरात आई-बाबा परत गेले. जेट तसाच राहिला. अशा जेटच्या नळीवर पाण्याचा दाब सतत राहू द्यायचा नसतो, वापर झाला की मागची छोटी तोटी बंद करायची असते, हे संचाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिले होते. मी ते नंतर वाचले. दिवाळीच्या कार्यक्रमाहून रात्री अकराला परतलो, तर जेवणाच्या टेबलावर छताचा एक तुकडा पडला होता आणि दिव्याच्या कडेने पाणी ठिबकत होते. इथले छत म्हणजे जिप्समचा पत्रा. तो पाणी टिपकागदासारखा शोषून घेतो आणि मग आपल्याच वजनाने खाली येतो. ओल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवली नाही तर बुरशी धरते, असे पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आमच्या धाकट्याला दमा आहे. पुढचे पाच दिवस घरात विमानतळावर असतो तसा पंख्यांचा आवाज होता आणि आम्ही मित्राकडे मुक्काम ठोकला होता.

आता अर्थाकडे वळू. माझा रेंटर्स इन्शुरन्स होता, त्यात एक लाख डॉलरची लायबिलिटीही होती. मी निर्धास्त होतो. फोनवरच्या बाईंनी शांतपणे पॉलिसीतले कलम वाचून दाखवले. शेजाऱ्याचे नुकसान केलेत तर आम्ही देऊ, पण जे घर तुम्ही स्वतः भाड्याने घेतले आहे त्याच घराचे नुकसान लायबिलिटीत धरत नाहीत. अपवाद आग, धूर आणि स्फोट यांचा. पाण्याचा नाही. मंडळी, पुष्कळ पॉलिसींत हे कलम जवळजवळ याच शब्दांत असते. काही कंपन्या पाण्याचाही अपवाद देतात, पण तो आहे की नाही हे आपापली पॉलिसी काढून बघावे. लेख बाजूला ठेवून आत्ता बघितली तरी चालेल.

काकांच्या विम्यात वजावट मोठी होती, शिवाय क्लेम केला तर पुढचा हप्ता वाढेल ही धास्ती. शेवटी छत, कार्पेट आणि वाळवण्याचे भाडे मिळून चोपन्नशे डॉलर माझ्या खिशातून गेले. ते मी मुकाट्याने दिले. पैशांपेक्षा जास्त लागले ते काकांचे बोलणे. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, 'विचारलं असतंस तर मी प्लंबर पाठवला असता रे. आमच्याकडे तिन्ही टॉयलेटला जेट आहेत.'

म्हणजे परवानगी मिळणारच होती. मी न विचारता मिळवले काय? तर सगळी जबाबदारी. विचारले असते तर काम परवानाधारक प्लंबरने केले असते, आणि ते फुटले असते तरी तो मालकाच्या घराचा मालकाने करवून घेतलेला भाग ठरला असता. न विचारल्यामुळे ती माझी एकट्याची करामत झाली.

आपण विचारत का नाही, याचे एक कारण माझ्या मते आपल्या लहानपणात आहे. आमच्या आजोबांचे बिऱ्हाड सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होते. भाडे नाममात्र, १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बांधलेले. मालकाला त्या भाड्यात कौले बदलणे परवडत नव्हते, आणि भाडेकरू तीन पिढ्या हलत नव्हता. गॅस आल्यावर आजीने उभा ओटा बांधून घेतला तो असाच, एका रविवारी, मालक गावाला गेलेले पाहून. अशा वाड्यात 'विचारणे' म्हणजे मालकाच्या हातात हत्यार देणे. गंमत म्हणजे कायद्यालाही ते ठाऊक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या सोळाव्या कलमात मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले तर घर खाली करून मागता येते असे म्हटले आहे. पण लगेच खुलासा आहे की लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धुराडे ही कायमची बांधकामे समजू नयेत. नगरपालिकेची परवानगी लागत असेल तर ती मात्र घ्यावी. आजीचा ओटा कायद्याच्या पुस्तकात आहे, हे तिला कळते तर तिने मालकाला दाखवून दिला असता.

फ्रिस्कोत तो वाडा नाही. इथे भाडे बाजारभावाने, करार वर्षाचा, आणि घर तुम्हाला समजेल असे नाही. माझा मुख्य मुद्दा हाच आहे. घराच्या पोटात काय आहे ते मालकाला ठाऊक असते किंवा त्याच्या कागदपत्रांत असते. भाडेकरूला दिसते ते फक्त रंगवलेले पाठ. पुण्याच्या विटांच्या भिंतीत कुठेही खिळा ठोका, भिंत बिचारी सहन करते. इथे दर सोळा इंचांवर एक लाकडी खांब, मध्ये पोकळी, पोकळीत वायरी आणि पाण्याच्या नळ्या.

आणि जमीन? या भागातल्या बहुतेक नव्या घरांचा पाया पोस्ट-टेन्शन स्लॅबचा असतो. काँक्रीटच्या आत पोलादी केबली ताणून ठेवलेल्या असतात, एकेकीवर सुमारे तीस हजार पौंडांचा ताण. खालची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेव्हा स्लॅब एकसंध राहावा म्हणून ही योजना. पुष्कळ गॅरेजांत जमिनीवर शिक्का उमटवलेला असतो की इथे कापू नका, भोक पाडू नका. आमच्या ओळखीच्या एकाने व्यायामाचे रॅक गॅरेजमध्ये बोल्ट करायला ड्रिल आणले होते, आणि त्या शिक्क्यावर त्याने रबरी मॅट अंथरली होती. बायकोने मॅट उचलली म्हणून वाचला. अशी ताणलेली केबल तुटली तर पाया जातोच, ड्रिल धरणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते.

आता फोडणीचा विषय. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो, मग कोणी बॅटरी काढतो, कोणी त्याला शॉवर कॅप घालतो. हसू नका, मी तीन घरांत पाहिले आहे. हाही घरात न विचारता केलेला बदलच, आणि सगळ्यांत घातक. टेक्सासच्या कायद्यात यासाठी वेगळे कलम आहे. करारात तशी सूचना असेल आणि मालकाने लेखी कळवूनही सात दिवसांत अलार्म पूर्ववत केला नाही, तर एक महिन्याचे भाडे अधिक शंभर डॉलर दंड मागता येतो. दंडाचे सोडा, रात्री दोन वाजता मुले वरच्या खोलीत झोपलेली असतात. अलार्म चुकीच्या जागी असेल तर मालकाला लिहा, तो हलवता येतो. फोडणी मागच्या बर्नरवर, पंखा चालू करून द्या.

कराराबद्दल थोडेसे. इथे बहुतेक घरांना टेक्सास रिअल्टर्स संघटनेचा छापील करार असतो. चित्रे टांगायला माफक संख्येने लहान खिळे त्यात चालतात. रंग, वॉलपेपर, फरशी बदलणे, नव्या केबली, अलार्म यांना मालकाची लेखी संमती लागते. दाराचा रंग किंवा कुंपण बदललेत तर एचओएची नोटीस मालकाच्या नावे जाते, आणि त्याला आधी तिथूनच कळते. घर सोडताना नवा पत्ता लेखी दिला की तीस दिवसांत डिपॉझिट परत मिळायला हवे. कापून घेतले तर हिशोब द्यावा लागतो. नेहमीच्या वापराने झालेली झीज कापता येत नाही. मालकाने वाईट हेतूने पैसे दाबले तर दाबलेल्या रकमेच्या तिप्पट आणि वर शंभर डॉलर द्यावे लागतात. कायदा भाडेकरूच्या बाजूने एवढा आहे. पण तुम्ही न विचारता पाडलेले भोक 'झीज' नव्हे.

वयस्कर किंवा अपंग माणूस घरात राहत असेल तर आणखी एक सांगायला हवे. फेअर हाउसिंग कायद्यातल्या १९८८ च्या दुरुस्तीनुसार अपंगत्व असलेल्या रहिवाशाला धरायचा दांडा, रॅम्प असे वाजवी बदल स्वखर्चाने करायला बहुतेक घरांत मालक नाही म्हणू शकत नाही. मात्र तिथेही आधी विचारावे लागते. कायदा पाठीशी असूनही विचारा, असे कायदाच म्हणतो.

आपल्या माणसाचे घर असेल तर भीड आडवी येते. 'काकांना ईमेल कसली पाठवायची, बरं दिसत नाही.' मला वाटते नेमके उलट आहे. अनोळखी मालकाशी बिघडले तर डिपॉझिट जाते. आपल्या माणसाशी बिघडले तर गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहणे अवघड होते. तोंडी 'हो, हो, कर' पुढे दोघांना वेगवेगळे आठवते. चार ओळींची ईमेल पुरते: काय करणार, कोण करणार, खर्च कोणाचा, घर सोडताना ठेवायचे की काढायचे. सोबत आधीचा फोटो.

मालकांनाही दोन शब्द सुनावतो, कारण गेल्या वर्षी मोठ्या घरात गेल्यावर आम्ही आमचे पहिले घर भाड्याने दिले आणि मी स्वतःच त्या बाजूला गेलो. आमचे भाडेकरू नागपूरचे. महिन्याभरात ईमेल आली: दिवाणखान्यात झोपाळा टांगायचा आहे, आईंना सवय आहे, चालेल का? माझ्या तोंडात आधी 'नाही'च आले. ते गिळून मी माळ्यावर चढलो. वरचे ट्रस छप्पर पेलण्यासाठी हिशोबाने बनवलेले, हलत्या माणसांच्या वजनासाठी नव्हेत. छताला नाही म्हणालो, पण स्वतः उभा राहणारा लोखंडी सांगाड्याचा झोपाळा घ्या, अर्धे पैसे मी देतो, असे लिहिले. एकशे ऐंशी डॉलर गेले. मालकाने आठवडाभर उत्तर दिले नाही किंवा कारण न सांगता नकार दिला, तर पुढच्या वेळी भाडेकरू विचारणार नाही, आणि तेव्हा तो ड्रिल घेऊन कुठे उभा असेल हे मालकाला कळणारही नाही. काहींचे म्हणणे असते की एकदा हो म्हटले की मागण्या वाढतात. वाढू देत. मागणी कागदावर दिसते, भोक दिसत नाही.

तो न्हाणीघरातला दांडा राहिलाच. घर सोडताना काका पाहणीला आले. जेट मी केव्हाच काढला होता. दांड्याला त्यांनी हाताने जरा जोर दिला, तो डुगडुगला. मी तो लाकडी खांबात न बसवता नुसत्या पत्र्यात प्लास्टिकच्या बुचांवर बसवला होता. बाबा सहा महिने रोज त्याला धरून टबात उतरत होते. काकांनी माझ्याकडे पाहिले, मी खाली पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस पाठवून तो खांबात पक्का बसवून घेतला आणि मला ईमेल केली: दांडा ठेवतो आहे, पुढच्या भाडेकरूचेही आई-बाबा येतीलच. मजुरीचे पंचाण्णव डॉलर डिपॉझिटमधून वळते केले होते, सोबत पावती होती.