पट्टी स्वस्त, रोजी महाग

दोस्तहो, बायोसेन्सर या शब्दाला बिचकू नका. कागदाची बोटभर पट्टी. तिच्यात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं. नाकातला नमुना पट्टीतून सरकतो, विषाणूचं प्रथिन सापडलं की दुसरी रेघ उमटते. पंधरा मिनिटं, बस्स. तेवढ्यात आमची अर्धी वाघीणही रिकामी होत नाही.

मग ही पट्टी मालधक्क्यावर काहून आली नाही?

जून 2020 मध्ये आयसीएमआरनं पहिल्या रॅपिड किटला परवानगी दिली. चाचणीत ती खऱ्या रोग्यांपैकी 50.6 ते 84 टक्केच पकडत होती. म्हणून लक्षणं असून पट्टी कोरी आली तर आरटीपीसीआर करा, असा नियम. नियम बरोबर. पण त्या निकालाची वाट पाहत घरी बसलेल्याची रोजी कोणी दिली?

मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबची घरी करायची पट्टी आली. 250 रुपये, वर मोबाईलचं ॲप. पॉझिटिव्ह आलात तर वेगळं राहा! सहा माणसांत एक खोली, नळ बाहेर. कुठं राहायचं वेगळं? स्वस्त म्हणता, पण कोणाच्या खिशाला, कोणाच्या घराला?

त्याच महिन्यात आपल्या नागपूरच्या नीरीची पद्धत मंजूर झाली. मिठाच्या पाण्यानं पंधरा सेकंद गुळणी, नळीत थुंकायचं, नाकात काडी नाही, तीन तासांत निकाल. सप्टेंबर 2021 मध्ये नीरीनं हे तंत्र लघुउद्योग मंत्रालयाला देऊन टाकलं. (कोणी कोणाला शिवायचं नाही अशी तपासणी या देशाला जमली, यात नवल काय! ‘सामाजिक अंतर’ शिकवत होते आम्हाला, लेकाचे.) आमच्या धक्क्यावर ती नळी मी कधी पाहिली नाही.

शास्त्रज्ञांशी भांडण नाही. भांडण मस्टरशी आहे. पट्टीवर दोन रेघा उमटल्या की मस्टरवर फुली. म्हणून पोरं ताप गिळून पोतं उचलतात, अन् पकडता आले असते तेही रोगी सुटतात.

पाळीआधी धक्क्यावर फुकट तपासणी पाहिजे. ती आरोग्यसेविकेनं करावी, ठेकेदाराच्या माणसानं नाही. घरी बसवलं तर दर दिवसाची पूर्ण रोजी. माथाडी कायदा 1969 चा आहे, मंडळं आहेत, लेव्ही जमा होते. त्यातून काहून नाही? पुढच्या साथीआधी हाच सवाल घेऊन मंडळावर जायचं आहे. येताना मस्टरची झेरॉक्स आणा.