आधी पडायला शिका

'कराटे, आयकिडो शिकून मुले भांडखोर होतात,' असे पुष्कळ पालक म्हणतात. मीही पूर्वी तसेच म्हणत असे. मग आमच्या गावातील क्लबमध्ये मी स्वतः आयकिडो शिकू लागलो आणि माझे मत बदलले.

ही जपानची कला मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी घडवली. 'आय' म्हणजे मेळ, 'कि' म्हणजे प्राणशक्ती आणि 'डो' म्हणजे मार्ग. समोरच्याचा जोर जोराने अडवायचा नाही. बाजूला वळायचे आणि त्याच्याच जोराने त्याचा तोल घालवायचा. या कलेत बहुतेक ठिकाणी सामने होत नाहीत.

पहिले काही आठवडे मी फक्त पडायला शिकलो. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची आणि कोलांटी घेऊन उठायचे. मला शिकवत होता माझ्याच नववीच्या वर्गातला एक मुलगा! एका चुकीसाठी मी त्याला वर्गात रागावलो होतो. इथे मी दहादा चुकलो, पण तो रागावला नाही. मला लाज वाटली.

सरावात एकदा मी त्याला पाडतो, एकदा तो मला. मनगट पिरगळताना जोडीदाराने चटईवर हात आपटला, की लगेच सोडायचे. त्याचे मनगट माझ्या हातात असते, म्हणून त्याची काळजीही माझीच. ज्याला हे कळले, तो रस्त्यात कोणावर उगीच हात उगारील का?

मित्रांनो, तुमच्या गावात असा क्लब असेल, तर पालकांना घेऊन एक दिवस पाहायला जा. तिथे आधी मारायला शिकवतात की पडायला, ते नीट पाहा. मगच नाव घाला.