चौसष्ट घरे, चौसष्ट मते

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक आमच्या गोव्यात भरला. हडफड्याला जगभरातून २०६ खेळाडू आले, चषकाला आपल्या विश्वनाथन आनंदचे नाव दिले होते आणि शेवटी तो घेऊन गेला उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा सिंदारोव्ह. त्या दिवसांत पणजीच्या बसस्टँडवरसुद्धा लोक हत्ती-घोड्यांबद्दल बोलत होते. आमच्या ऑफिसातल्या शिपायाने एक दिवस मला सहज विचारले, "सर, तुमी त्या असोसिएशनांत आशिल्ले न्हय? मागीर सोडलें कित्याक?"

मी म्हटले, "वेळ मिळत नाही रे."

खोटे बोललो. खरे उत्तर आज लिहितो आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या बुद्धिबळ संघटनेचा सहसचिव होतो. मी काही मोठा खेळाडू नव्हे. मला घेतले त्याचे कारण एवढेच, की मी सरकारी कारकून. इतिवृत्त लिहायचे, पत्राला जावक क्रमांक घालायचा, फाईल लावायची ही कामे मला झोपेतही जमतात. कुठल्याही संघटनेला असा एक माणूस लागतो. तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि सगळे कागद त्याच्या हातून जातात.

त्याच तालुक्यात एक निवृत्त मास्तर होते. घराच्या सोप्यावर रोज संध्याकाळी वीसेक मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. फी नाही. पट स्वतःचे, घड्याळे स्वतःची. या मास्तरांनी एकदा संघटनेच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. सोबत नऊ पालकांचे अर्ज, आणि दहाही जणांची वर्गणी रोख. मी पावती फाडून दिली.

समितीच्या बैठकीत अर्ज पुढे आले, तेव्हा मास्तर मुलांना कसे शिकवतात हे कोणीही विचारले नाही. एकाने बोटे मोजली. आमचे मतदार सभासद होते सव्वीस. त्यांतले सभेला येणार पंधरा-सोळा. त्यात ही दहा नवी मते! निवडणूक दोन महिन्यांवर. "अर्ज राहू देत, नंतर बघू," असे ठरले. पण "नंतर बघू" असे इतिवृत्तात लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिले : "अर्ज अपूर्ण असल्याने विचाराधीन ठेवण्यात आले." काय अपूर्ण ते लिहिले नाही, कारण काहीच अपूर्ण नव्हते. मतदार यादी बंद झाली, जुनी समिती बिनविरोध आली आणि सगळ्यांनी एकमेकांना हार घातले.

आठवड्याने मास्तर माझ्या ऑफिसात आले. हातात मीच दिलेली पावती. आवाज न चढवता म्हणाले, "बाबा, अर्ज अपुरो खंय आसा तें म्हाका दाखय."

मी म्हटले, "समितीचा निर्णय आहे, मास्तर."

ते गेले. वर्ग पुढे वर्षभर चालला आणि मग बंद झाला. वयामुळे, असे ते सांगायचे. मीही पुढच्या निवडणुकीला नाव काढून घेतले. पण ते वाक्य माझ्या अक्षरात अजून त्या वहीत असणार.

आता तुम्ही म्हणाल, एका तालुक्यातली भांडणे, त्याचे एवढे काय? तर मंडळी, मुद्दा हाच आहे, की हे तालुक्यापुरते नाही. खालून वरपर्यंत प्रत्येक मजल्यावर हेच चालते.

बुद्धिबळाचे घर असे बांधलेले आहे. तालुका किंवा जिल्हा संघटना राज्य संघटनेची सभासद. राज्य संघटना अखिल भारतीय महासंघाची सभासद. महासंघ 'फिडे'चा, म्हणजे जागतिक महासंघाचा सभासद. प्रत्येक मजल्यावर मतदार कोण, तर खालच्या मजल्यावरची संघटना. प्रवेश फी भरणारा, रात्रीच्या गाडीने स्पर्धेला जाणारा, हरला की बापाच्या खांद्यावर डोके ठेवणारा जो खेळाडू आहे, तो या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभा. त्याच्या हातात मतपत्रिका कुठेच येत नाही.

यातून काय होते, ते २०२१ मध्ये देशाने बघितले. महासंघात अध्यक्ष एका बाजूला आणि सचिव दुसऱ्या बाजूला असे दोन तट पडले होते. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, निवृत्त न्यायमूर्ती निवडणूक अधिकारी झाले आणि ४ जानेवारी २०२१ रोजी ऑनलाइन मतदान झाले. ३२ राज्य संघटना, प्रत्येकी दोन मते, एकूण ६४. पटाची घरेही तेवढीच! संजय कपूर ३३ विरुद्ध ३१ मतांनी अध्यक्ष झाले. भरतसिंग चौहान ३५ विरुद्ध २९ मतांनी सचिव झाले.

तेहतीस आणि एकतीस. जरा कारकुनासारखे बसून हिशोब करा. एका राज्याची दोन मते इकडची तिकडे गेली असती, तर निकाल बरोबर उलटा लागला असता : एकतीस आणि तेहतीस. म्हणजे एखाद्या राज्यात खरी संघटना कोणती, या प्रश्नाच्या उत्तरावर सबंध देशाचा अध्यक्ष ठरू शकतो. आणि खरी संघटना कोणती हे ठरवते कोण? महासंघ. म्हणजे ज्याला निवडून यायचे आहे तोच मतदार ठरवणार! सोप्यावरच्या मास्तरांचा अर्ज आणि राज्य संघटनेची संलग्नता यांत फरक फक्त लेटरहेडचा आहे.

महाराष्ट्राचे प्रकरण घ्या. महाराष्ट्र चेस असोसिएशनची संलग्नता महासंघाने डिसेंबर २०१६ मध्ये काढून घेतली. असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे आडवे आले महासंघाच्या घटनेतले एक कलम : महासंघाशी वाद असेल तर दाद फक्त चेन्नईच्या न्यायालयात मागायची. मुंबईने त्या कलमावर बोट ठेवून याचिका बाजूला सारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०१९ रोजी निकाल आला, की उच्च न्यायालयाला राज्यघटनेने दिलेला रिट अधिकार असल्या खाजगी कलमाने हिरावून घेता येत नाही. मुंबईने हे प्रकरण ऐकावे. निकाल चांगलाच आहे आणि आता इतरांच्या कामीही येतो. पण काळ मोजा. अडीच वर्षांहून जास्त गेली ती फक्त 'कुठल्या कोर्टात जायचे' एवढ्यावर. काढले ते बरोबर की चूक, या मूळ प्रश्नाला तोपर्यंत हातही लागला नव्हता.

कोणाची बाजू खरी ते मी सांगत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. अडीच वर्षांत दहा वर्षांचे पोर साडेबारा वर्षांचे होते. दहा वर्षांखालच्या गटातून ते बाहेर पडते, बारा वर्षांखालच्या गटातूनही पडते. राज्यात दोन संघटना असल्या, की दोन निवड चाचण्या, दोन प्रमाणपत्रे, आणि पालकाने निवडायचे कोणाच्या दारात जायचे ते. एका दारात गेला की दुसऱ्या दाराच्या वहीत त्याचे नाव लाल शाईने. मोठ्यांची तारीख पुढे ढकलता येते. मुलाचे वय ढकलता येत नाही.

संघटना एकच असली म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. महासंघ खेळाडूंना काय वाटेल ते बजावू लागला होता. आमच्या परवानगीशिवाय भरलेल्या स्पर्धेत खेळाल तर बघा, अशी ती तऱ्हा. काही खेळाडू तक्रार घेऊन गेले भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याकडे! २०१८ मध्ये आयोगाने महासंघाला ६ लाख ९२ हजारांचा दंड केला. खेळाडूंना आपल्याच संघटनेविरुद्ध ग्राहकासारखे भांडावे लागले, कारण सभासदासारखे भांडायची सोयच नव्हती.

आणि २०२२? चेन्नईजवळ मामल्लपुरमला ऑलिंपियाड तोंडावर आलेले. जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सचिवांची निवड क्रीडा संहितेला धरून नाही असे ठरवले. मग सर्वोच्च न्यायालयाने स्पर्धा पार पडावी म्हणून त्यांना १५ ऑगस्टपर्यंत काम बघू दिले. घरात लग्न आणि यजमान कोण यावर कोर्टात तारीख, असली गत. खेळाडूंनी मात्र मान खाली घालून पटावर काम केले. आपली भक्ती कुलकर्णी त्या ऑलिंपियाडमध्ये खेळली. महिलांच्या संघाने कांस्यपदक आणले.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. ते मला ठाऊक आहे, कारण मीच ते वर्षानुवर्षे म्हणत आलो.

पहिले म्हणणे : समान मत हवेच, नाहीतर मोठी राज्ये लहानांना गिळतील. हे मला मान्य आहे. गोवेकर माणूस याला नाही कसे म्हणेल? आमच्या एवढ्याशा राज्याला दोन मते आणि उत्तर प्रदेशालाही दोनच. फिडेतही एक देश एक मत. २०१४ ला कास्पारोव्ह ११० विरुद्ध ६१ असा हरला, तेव्हा त्याला जगज्जेतेपदाचे जादा मत कोणी दिले नाही आणि ते योग्यच. पण लहानाचे मत लहानाचेच असले पाहिजे. गोव्याची दोन मते ही अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोन्सा यांच्यासारख्यांना घडवणाऱ्या खेळाडूंची, पालकांची, शिक्षकांची मते असली, तर मी त्यांच्यासाठी भांडेन. ती बंद खोलीतल्या दोघांची असतील, तर ते समान मत नव्हे. ते स्वस्त मत. लहान राज्य फोडायला सोपे, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

दुसरे म्हणणे : आम्ही पदरचे खर्चून फुकट काम करतो, त्याचे काय? खरे आहे. हॉल मिळवणे, पंच बोलावणे, जेवणाची सोय, रात्री बारापर्यंत पेअरिंग लावणे हे मी केले आहे. त्याबद्दल आभार, हार, शाल, सगळे घ्या. पण फुकट काम केले म्हणून वही आपल्या मालकीची होत नाही. मंदिरात झाडलोट करणारा उद्या देवाला कुलूप लावू लागला, तर?

तिसरे म्हणणे : खेळाडू म्हणजे पोरे, त्यांना मत कसे देणार? त्यांच्या आईबापांना द्या. शाळेच्या पालक-शिक्षक संघात चालते, इथे काय बिघडते?

२०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. कार्यकारिणी पंधरापेक्षा मोठी नको, तीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला हव्यात, वादांसाठी वेगळे न्यायाधिकरण. स्वागत आहे. पण हे सगळे वरच्या मजल्याचे. तालुक्याच्या वहीत "अपूर्ण" लिहिणाऱ्या हाताला दिल्लीचा कायदा कधी पोचेल?

म्हणून माझ्या मागण्या अगदी कारकुनी आहेत. सभासदांची यादी वर्षभर कोणालाही बघता यावी. सभासदत्वाचा अर्ज आला की तीस दिवसांत लेखी उत्तर, आणि नकार असेल तर काय कमी आहे ते स्पष्ट लिहून. उत्तर नाही आले तर अर्ज मंजूर समजावा. निवडणुकीच्या वर्षात कोणाला काढू नये, कोणाला नव्याने चिकटवू नये. संलग्नता काढायची तर आधी नोटीस आणि सुनावणी, आणि निर्णय ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याने घ्यायचा नाही. मोठ्यांचा वाद काहीही असो, मुलाचा प्रवेश अर्ज कुठल्याही दारातून आला तरी घ्यायचा. आणि गेल्या तीन वर्षांत मानांकित स्पर्धा खेळलेल्या प्रत्येकाला, किंवा त्याच्या पालकाला, आपल्या तालुक्यात मत. यातली एकही गोष्ट करायला पैसा लागत नाही.

फिडेचे ब्रीदवाक्य आहे, आपण सारे एक कुटुंब. कुटुंबात वाटणीचे भांडण होतेच, त्याला इलाज नाही. पण पोरांचे नाव रेशनकार्डावरून खोडून भांडण जिंकायचे नसते.

वाचणाऱ्यांपैकी कोणाचे मूल बुद्धिबळ खेळत असेल, तर एवढे करा. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संघटनेला एक साधे पत्र लिहा : सभासदांची यादी दाखवा आणि अर्जाचा नमुना द्या. पोच मागून घ्या. उत्तर आले नाही, तर ते पत्र जपून ठेवा. मास्तरांजवळ फक्त पावती होती. मला त्यांना उत्तर देता आले नाही, कारण उत्तर नव्हतेच. पुढच्या मास्तराला ते विचारावेच लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.