गोळी घेण्याआधीचे तीन प्रश्न

पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाईला अचानक अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं कपडे भिजतात, झोप उडते. मंठ्यात हे उन्हाळ्यात झालं तर घरचे म्हणतात, ऊन लागलं. हिवाळ्यात झालं तर म्हणतात, बीपी असेल. पाळी जाण्याचा काळ आहे, असं कुणी बोलत नाही. मग शेजारणीनं सांगितलेलं नाव घेऊन अम्मी किंवा खाला मुलाला मेडिकलवर पाठवतात. माझ्या वयाची पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं तर मोबाइलवरूनच घरी गोळ्या मागवून देतात.

एस्ट्रोजनची गोळी वाईट नाही. अंगातून निघणाऱ्या वाफांवर तिच्याइतका गुण दुसऱ्या औषधाचा नाही. हाडांची झीजही ती कमी करते. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची गोळी आहे. त्या चिठ्ठीआधी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

पहिला प्रश्न, पिशवी आहे की काढली? गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं एस्ट्रोजन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनचं औषध द्यावं लागतं. पिशवी काढलेल्या बाईला सहसा एकटं एस्ट्रोजन पुरतं.

मराठवाड्यात हा प्रश्न फार मोठा आहे. 2019 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली असतील तर पस्तिशीतली बाईसुद्धा एका दिवसात रजोनिवृत्तीत जाते. अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचाच सल्ला दिला जातो. पण ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं हे कित्येक जणींना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या पेटीत तरी असतं, नाहीतर हरवलेलं असतं.

दुसरा प्रश्न, आधी कोणता आजार झाला आहे? स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, लिव्हरचा आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत. गोळीपेक्षा त्वचेवर लावायच्या जेल किंवा पॅचमध्ये गुठळीचा धोका कमी असतो. त्रास फक्त खालच्या कोरडेपणाचा असेल तर तिथे लावायचं क्रीमही पुरतं.

तिसरा प्रश्न, वय किती आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातला एस्ट्रोजन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग 2002 मध्ये मधेच थांबवला गेला, कारण स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. जगभर या औषधाची धास्ती बसली. पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा धोक्यापेक्षा मोठा ठरतो, असं आज डॉक्टर मानतात. मात्रा गरजेपुरतीच ठेवायची आणि दर वर्षी तपासणी करायची.

गोळी चालू असताना एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलं, तर लगेच दवाखाना गाठावा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ‘पाळी परत आली’ असं समजून गप्प बसू नये.

आपल्या मोहल्ल्यात आणखी एक गोंधळ आहे. रमजानमध्ये किंवा हज-उमराला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात ती गोळी वेगळी. ‘मागच्या वेळी ती चालली, आता हीपण चालेल’ असं होत नाही. रोजे असतील तर दिवसातून एकदाची गोळी सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते. तेवढं डॉक्टरांना विचारावं.

याला शरम म्हणून दाबणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की कुरआनच्या सूरह तलाकमध्ये पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या इद्दतीचा हिशेब उघडपणे सांगितला आहे. जे अल्लाहच्या किताबात सांगितलं आहे, ते आपल्या घरात बोलायला कसली लाज?

मागणी मोठी नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस चाळिशीपुढच्या बायकांसाठी ठेवावा, आणि त्या दिवशी लेडी डॉक्टर असावी. मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी मागावी. महिलांच्या इज्तेमात वर्षातून एकदा यावर बोललं जावं. आणि आपण मुलांनी गोळी मागवण्याआधी अम्मीच्या ऑपरेशनचा कागद शोधून डॉक्टरांपुढे ठेवावा. तो सापडला नाही, तर निदान सोनोग्राफी करून पिशवी आहे की नाही हे पक्कं करावं. गोळीचं नंतर बघू.