मंगनीआधी एक रिपोर्ट

कोडमधलं एक अक्षर चुकलं की अख्खा प्रोग्राम बंद पडतो, हे माझ्या रोजच्या कामातलं. थॅलेसेमियाचंही तसंच. भारतात तो बहुतेक वेळा ज्या जनुकीय बदलामुळे होतो, त्यात ११व्या गुणसूत्रावर ‘जी’च्या जागी ‘सी’ एवढाच फरक असतो. तेवढ्यानं हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही.

बिघाड एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक, पण ठणठणीत. दोघांकडून आला तर मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात हा धोका २५ टक्के.

आमच्या भूमकडे नात्यातल्या सोयरिकी नव्या नाहीत. मामाची मुलगी करण्याची रीत हिंदू घरांतही आहे. नात्यात जनुकं सारखी असण्याची शक्यता जास्त, म्हणून तपासणीची गरजही जास्त.

इराणनं १९९७ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली. आपण सक्तीची वाट का पाहायची? बायोडेटासोबत सीबीसी आणि एचबीए२चा रिपोर्ट द्या-घ्या, आणि तो मंगनीआधी. ठरलेलं मोडलं की बोल मुलीलाच लागतो. म्हणूनच मित्रांनो, पहिला रिपोर्ट मुलाचा असू द्या. वाहक असणं हा ऐब नाही.