पडद्यावरील दुकानाची मांडणी आणि शेतकऱ्याची निवड

बाजारांतील सौदा केवळ मालावर ठरत नसून बाजाराच्या मांडणीवरहि ठरतो, ही गोष्ट शेतकरीवर्गास निराळी सांगावयास नको. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची चाल होती, तेव्हां मालाचा धनी समोर बसलेला असूनहि त्यास भाव कळत नसे. कापूस तोच, काटाहि तोच; परंतु भाव झांकण्याची सोय ज्याच्या हातीं, त्याच्याकडे सौदा झुके. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत शेतमाल बाजारांचा कायदा आला. व्यवहार उघड्यावर यावा, हाच या प्रयत्नांचा हेतु होता.

तोच प्रश्न आज मोबाइलच्या पडद्यावर उभा आहे. बियाणें, औषधें, फवारणीचे पंप, ठिबकचे सुटे भाग, हें सर्व आतां घरबसल्या मागवितां येतें. या दुकानांत कोणता माल आधीं दिसावा, कोणतें बटण मोठें असावें, पैसे देईपर्यंत किती पायऱ्या असाव्यात, हें सर्व जाणूनबुजून आंखलेलें असतें. ही आंखणी किती मोलाची आहे, हें एका गोष्टीवरून कळेल. एकाच टिचकीसरशी खरेदी पुरी करण्याच्या युक्तीवर अॅमेझॉन कंपनीनें अमेरिकेंत १९९९ सालीं पेटंट मिळविलें व तें २०१७ पर्यंत राखलें. एक पायरी कमी झाली कीं विचार करण्याचा एक क्षणहि कमी होतो, हें व्यापारी पुरतें ओळखून आहेत.

आंखणी मुळांतच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. ठळक अक्षरें, मराठींत माहिती, एकूण किंमत पहिल्याच पानावर आणि माल परत करण्याची सोपी वाट, अशी मांडणी असेल तर तालुक्याच्या एका दुकानाच्या मर्जीवर राहण्याची पाळी शेतकऱ्यावर येत नाहीं. चार ठिकाणचे भाव तो ओट्यावर बसून ताडून पाहूं शकतो. ही सोय थोडी नव्हे.

परंतु याच कलेची दुसरी बाजू आहे. “फक्त दोनच नग उरले” अशी खोटी पाटी, उलट धांवणारें घड्याळ, न मागतां टोपलींत पडलेला विमा, शेवटच्या पानावर उगवणारा जादा आकार, वर्गणी सुरू करण्यास एक टिचकी आणि ती बंद करण्यास दहा, असे हे प्रकार आहेत. हॅरी ब्रिग्नल या इंग्रज आंखणीकारानें २०१० सालीं यांस ‘डार्क पॅटर्न’ हें नांव दिलें. खरेदीदार येथें फसतो तो अडाणीपणामुळें नव्हे. शिकलेलेहि फसतात. मनुष्य घाईंत असतां समोर जें आधींच ठरवून ठेवलेलें असतें तेंच पत्करतो. पेरणीच्या तोंडावर, पाऊस डोक्यावर असतां, शेतकऱ्याइतका घाईंतला ग्राहक दुसरा कोण?

आपल्या सरकारनें याची दखल घेतली, हें योग्यच झालें. २०२० च्या ई-व्यापार नियमांनीं आधींच खूण केलेली चौकट ही ग्राहकाची संमति नव्हे, असें ठरविलें. आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अशा १३ युक्त्यांस मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तथापि आमच्या मतें शेतीच्या मालासाठीं एवढें पुरेसें नाहीं. सदरा आंखूड निघाला तर परत करतां येतो. बियाणें उगवलें नाहीं तर गेलेला हंगाम कोणीहि परत करीत नाहीं. थैलीवरील खुणचिठ्ठीवर उगवणीचें प्रमाण, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख व मुदत पाहूनच बियाणें घ्यावें, असें आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. पडद्यावर मात्र पुष्कळदां थैलीचें रंगीत चित्र मोठें दिसतें आणि चिठ्ठी दिसतच नाहीं. सबब आमची मागणी अशी कीं, हा मजकूर पैसे देण्याच्या बटणाच्या आधीं, मराठींत व ठळक अक्षरांत दाखविणें विक्रेत्यांवर बंधनकारक करावें.

तोंवर सभासदांनीं आपली काळजी आपण घ्यावी. बियाणें व औषधें पेरणीच्या आदल्या दिवशीं मागवूं नयेत. धांवत्या घड्याळाकडे पाहूं नये. शेवटच्या पानावरील एकूण रक्कम पहिल्या पानाशीं ताडावी आणि न मागितलेली प्रत्येक खूण काढून टाकावी. विक्रेत्याचा परवाना व बिल यांविना औषध घेऊं नये; बिल, थैली व चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपावीं. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करावी. लाजेनें गप्प बसूं नये. रुमालाखालचा भाव आपल्या पूर्वजांनीं उजेडांत आणविला. कांचेखालचा सौदा उजेडांत आणणें हें आपलें काम आहे.